विज्ञान : शाप, वरदान आणि ‘यूझर एरर’

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध लिहिलेला असणार. मी तो निदान चार वेळा लिहिला. पहिल्या परिच्छेदात वीज, आगगाडी आणि देवीची लस. दुसऱ्या परिच्छेदात हिरोशिमा, प्रदूषण आणि बेकारी. आणि शेवटी ठरलेलं वाक्य : सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही, दोष सुरीचा नाही, ती धरणाऱ्या हाताचा. एवढं लिहिलं की दहापैकी सात मार्क कुठे जात नसत.

पुढे आपण इंजिनियर झालो, डॉक्टर झालो, काही जण माझ्यासारखे सॉफ्टवेअरमध्ये शिरलो, आणि देश सोडून इकडे ब्रिटनमध्ये आलो. पण तंत्रज्ञानाच्या काळ्या बाजूचा विषय निघाला की अजूनही आपण तेच सुरीचं वाक्य म्हणतो आणि जेवायला उठतो. विवेकवादी म्हणवणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ते फारच सोयीचं आहे. विज्ञानालाही बोल लागत नाही आणि आपल्यालाही.

आजच्या विषयासाठी मी गेले काही महिने काही जुन्या कादंबऱ्या पुन्हा वाचल्या, काही चित्रपट पुन्हा पाहिले. तेव्हा असं लक्षात आलं की चांगले लेखक आणि दिग्दर्शक या वाक्यावर थांबत नाहीत. सुरी कोणी बनवली, कोणाच्या पैशाने बनवली, मूठ कोणाच्या हातात आहे आणि पातं कोणाच्या दिशेने आहे, असं ते विचारतात. आणि कोणाला कापलंच, तर त्याचं ओरडणं कोणी ऐकून घेतं का, हेही विचारतात.

सोयीसाठी मी या कथांचे तीन प्रकार करतो. पहिल्या प्रकारात यंत्र बंड करतं. दुसऱ्यात यंत्र बंड करत नाही, इमानाने हुकूम पाळतं, आणि तोच त्रास असतो. तिसऱ्यात यंत्र चुकतं, आणि खोटं मात्र माणूस ठरतो. पहिला प्रकार सगळ्यात प्रसिद्ध आहे. माझ्या मते तिसरा सगळ्यात खरा आहे. असं मला का वाटतं याचं एक वैयक्तिक कारणही आहे, ते शेवटी सांगेन.

पहिल्या प्रकाराची सुरुवात १८१६ सालच्या उन्हाळ्यात झाली. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, आणि त्याच्या राखेमुळे युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी लॉर्ड बायरनच्या घरात पावसामुळे अडकून पडलेल्या मित्रांनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. त्यांच्यात १८ वर्षांची मेरी होती, पुढची मेरी शेली. तिची ‘फ्रँकेनस्टाईन’ ही कादंबरी १८१८ साली लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली.

यजमान बायरन याच्याबद्दल दोन गोष्टी आपल्या विषयाला लागू आहेत. त्या काळी नॉटिंगहॅम भागातले विणकर रात्री जाऊन मोजे विणण्याची यंत्रं फोडत असत. त्यांना लडाईट म्हणत. यंत्र फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा संसदेत आला तेव्हा, फेब्रुवारी १८१२ मध्ये, बायरनने हाउस ऑफ लॉर्ड्समधलं आपलं पहिलं भाषण त्या विणकरांच्या बाजूने केलं. कायदा तरीही मंजूर झाला. दुसरी गोष्ट, जिनिव्हाला जाण्याआधी काही महिन्यांपूर्वी त्याला एक मुलगी झाली होती. ती मोठी होऊन एडा लव्हलेस झाली. बॅबेजच्या नियोजित यंत्रावर तिने १८४३ साली लिहिलेल्या टिपणांत जगातला पहिला संगणक प्रोग्रॅम आहे असं मानलं जातं. म्हणजे यंत्र फोडणाऱ्यांचा कैवारी, यंत्रयुगाची पहिली भयकथा आणि पहिली प्रोग्रॅमर ही सगळी एकाच माणसाच्या गोतावळ्यातली. तंत्रज्ञानाचं प्रेम आणि तंत्रज्ञानाची भीती हे दोन वेगवेगळे पक्ष आहेत असं आपण मानतो, ते सुरुवातीपासूनच खरं नाही.

आता खुद्द कादंबरीकडे येऊ. फ्रँकेनस्टाईन हे राक्षसाचं नाव आहे असं पुष्कळांना वाटतं. ते त्याला बनवणाऱ्या तरुण विद्यार्थ्याचं नाव आहे. कादंबरीतला जीव जन्मतः दुष्ट नाही. तो लपूनछपून बोलायला शिकतो, वाचायला शिकतो, माणसांत मिसळू बघतो. त्याचं रूप पाहून सगळे त्याला हाकलून देतात. पण सगळ्यात आधी पळून जातो तो त्याला बनवणारा, ज्या रात्री तो जीव डोळे उघडतो त्याच रात्री. कादंबरीत व्हिक्टरचा खरा अपराध जीव निर्माण करणं हा नाही, तर निर्माण केल्यावर जबाबदारी टाकून पळणं हा आहे.

१९३१ साली हॉलिवुडने यावर चित्रपट केला. बोरिस कार्लॉफचा तो सपाट डोक्याचा राक्षस आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. चित्रपटात एक बदल केला आहे. शास्त्रज्ञाचा मदतनीस चुकून एका गुन्हेगाराचा बिघडलेला मेंदू उचलून आणतो. कादंबरीत असं काही नाही. या एका बदलाने सगळी नैतिक मांडणी उलटते. कादंबरीत प्रश्न होता निर्मात्याच्या वागण्याचा. चित्रपटात प्रश्न उरतो सदोष सुट्या भागाचा. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

‘रोबो’ हा शब्दही असाच नाटकातून आला. कारेल चापेक या चेक लेखकाचं ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२१ साली प्रागमध्ये रंगभूमीवर आलं. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे कुळांकडून सक्तीने करून घेतलेली मेहनत. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : वेठ. रोबो म्हणजे वेठबिगार. नाटकात कारखान्याचे संचालक मोठ्या आदर्शाच्या गोष्टी करतात. माणसाला कष्टातून मुक्त करायचं म्हणतात. रोबोंना मात्र आधी मजूर म्हणून विकलं जातं, मग सैनिक म्हणून. शेवटी ते उठाव करतात आणि माणसं संपतात. चापेकने हे लिहिलं तेव्हा रशियातली क्रांती नुकतीच झाली होती आणि पहिल्या महायुद्धातला यंत्रांनी केलेला नरसंहार ताजा होता. नाटकातली भीती यंत्राची कमी आणि राबवून घेतलेल्या माणसांची जास्त आहे, असं मला ते वाचताना वाटलं.

आपल्या मराठीतही या प्रकारची महत्त्वाची कादंबरी आहे, जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’. पूर्वीच्या एका अतिप्रगत संस्कृतीने जमिनीत पुरून ठेवलेलं ज्ञान हाती लागतं, त्यातून वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो. सुरुवातीला तो वरदानच वाटतो. पण त्याला स्वतःसारखे आणखी यंत्रमानव हवे असतात, तिथे अडचण सुरू होते. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हा त्यांच्या खगोलशास्त्राबद्दल खूप लिहिलं गेलं. पण अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर बोलणाऱ्या या वैज्ञानिकाने कथांमध्ये वैज्ञानिकांच्या उतावीळपणावरही बोट ठेवलं होतं, हे आपण विसरता कामा नये. विज्ञानावर टीका करणारी प्रत्येक कथा विज्ञानविरोधी नसते.

आता दुसरा प्रकार, इमानदार यंत्र.

१९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेल्या गांधीजींची चार्ली चॅप्लिनने कॅनिंग टाउन भागात भेट घेतली. तुमचा यंत्रांना एवढा विरोध का, असं चॅप्लिनने त्यांना विचारलं. गांधीजींनी उत्तर दिलं ते भारताच्या परावलंबनाच्या संदर्भात : इंग्रजी गिरण्यांचं कापड आणि त्यामुळे आलेली गुलामी. यंत्र चांगलं की वाईट, हा त्यांच्या उत्तरातला मुद्दा नव्हता. यंत्र कोणाच्या मालकीचं, हा होता.

पाच वर्षांनी, १९३६ साली, चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ आला. पट्ट्यावर येणारे नट आवळता आवळता वेडा झालेला कामगार आपण लहानपणी हसत हसत पाहिला. आता पुन्हा पाहिला तेव्हा दुसऱ्याच दोन प्रसंगांनी मला अस्वस्थ केलं. एकात कामगाराला जेवू घालणारं यंत्र आणतात. हेतू काय, तर जेवणाच्या सुट्टीचा वेळ वाचावा. दुसऱ्यात कामगार संडासात जाऊन विडी ओढत असतो आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मालकाचा चेहरा उमटतो : कामाला लाग. १९३६ साली! आज मोठमोठ्या गोदामांत काम करणाऱ्यांच्या हातातलं स्कॅनर दोन वस्तूंमध्ये किती सेकंद गेले ते मोजतं. त्यातलं यंत्र मुळीच बंड करत नाही, सांगितलेलं काम चोख करतं. आणि ते काम सांगणारी स्पेसिफिकेशन आपल्यापैकीच कोणीतरी लिहिलेली असते.

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १९२१ साली मुळशीत टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरणाची वीज जाणार होती मुंबईच्या गिरण्यांना, आणि जमीन बुडणार होती मावळ्यांची. पुढच्याच वर्षी, १९२२ साली, रवींद्रनाथ टागोरांचं ‘मुक्तधारा’ हे नाटक प्रसिद्ध झालं. राजाचा यंत्रविशारद विभूती एका धबधब्यावर प्रचंड लोखंडी बांध घालतो. बांधकामात माणसं मेलेली आहेत. एक आई आपला मुलगा शोधत फिरते आहे. आणि बांधाचा उपयोग काय, तर खालच्या शिवतराईच्या रयतेचं पाणी तोडून तिला धाकात ठेवायचं. या दोन गोष्टींत मी ओढूनताणून नातं जोडत नाही. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : प्रकाश कोणाच्या घरात आणि पाणी कोणाच्या घरात?

हिंदी चित्रपटाने याला आपल्या पद्धतीने हात घातला तो १९५७ सालच्या ‘नया दौर’मध्ये. टांगेवाला विरुद्ध बस. दिलीपकुमारचा टांगा शर्यत जिंकतो, आणि टाळ्या वाजवताना आपल्यालाही ठाऊक असतं की बस येणारच आहे. पण तो चित्रपट बस नको असं म्हणत नाही. बस आली तर टांगेवाल्यांचं काय, याचा विचार आधी करा, एवढंच म्हणतो. नेहरूंच्या काळातल्या चित्रपटाने हे म्हणावं याचं मला आज कौतुक वाटतं. आज टॅक्सीच्या ॲपपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत आपण नेमका हाच प्रश्न मागास समजून बाजूला सारतो.

आता तिसरा प्रकार. माझ्या मनातला आजचा मुख्य विषय हाच आहे.

१९६८ सालचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ तुम्ही पाहिला असेल. त्यातला हॅल हा संगणक शेवटी माणसं मारतो, म्हणून आपण त्याला पहिल्या प्रकारात टाकतो. पण खून होण्याच्या आधी काय होतं ते आठवा. हॅल सांगतो की एक भाग बिघडणार आहे. तो भाग काढून तपासला तर ठणठणीत निघतो. तेव्हा हॅल अत्यंत सभ्य आवाजात सांगतो की आमच्या मालिकेतल्या संगणकांची कधी चूक झालेली नाही. चूक असलीच तर ती माणसाची असणार. माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात भीतिदायक क्षण हा आहे. पुढचे खून त्यातून ओघाने येतात.

१९८५ सालचा टेरी गिलियमचा ‘ब्राझील’ याच धाग्यावर उभा आहे. सरकारी कचेरीत छपाईच्या यंत्रात एक मेलेली माशी पडते आणि अटकेच्या हुकमावर टटलच्या जागी बटल असं नाव छापलं जातं. एका अक्षराच्या फरकाने एका निरपराध माणसाला घरातून उचलून नेतात आणि तो परत येत नाही. कोणीही दुष्ट नाही. सगळे फॉर्म बरोबर भरलेले आहेत, बायकोकडून पावतीवर सहीसुद्धा घेतलेली आहे.

‘ब्राझील’ पाहताना आपण हसतो, कारण ती अतिशयोक्ती वाटते. ती अतिशयोक्ती नाही, हे आपल्याला या देशात १ जानेवारी २०२४ च्या रात्री कळलं. त्या रात्रीपासून सलग चार दिवस आयटीव्हीवर ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही मालिका दाखवली गेली. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली आहे, तरी थोडक्यात सांगतो.

१९९९ च्या सुमारास पोस्टाने होरायझन ही संगणक प्रणाली आणली. गावोगावची छोटी पोस्टं सबपोस्टमास्तर चालवतात, बहुधा आपल्या दुकानातच. होरायझन त्यांच्या हिशेबात तूट दाखवू लागलं. करारानुसार तूट भरायची ती त्यांनी. लोकांनी बचत मोडली, घरं गहाण टाकली. मदतीसाठी फोन केला तर ऐकू यायचं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे. पोस्टाला स्वतः खटला भरण्याचा अधिकार होता. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरवलं गेलं. त्यातले बहुतेक खटले पोस्टाने स्वतः चालवलेले होते. यातले पुष्कळ जण दक्षिण आशियाई वंशाचे. सरेमधल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या तेव्हा गरोदर होत्या, आणि त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. सार्वजनिक चौकशीचा पहिला अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. या प्रकरणामुळे निदान १३ जणांनी आत्महत्या केली असावी असं त्यात म्हटलं आहे.

यात कायद्याची एक बाजू आहे, ती आपण तंत्रज्ञांनी नीट समजून घेतली पाहिजे. १९८४ च्या कायद्याप्रमाणे संगणकाचा पुरावा आणायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. १९९९ साली ते कलम रद्द करण्यात आलं. त्यानंतर संगणक नीट चालतो हे गृहीतच धरायचं, नसेल तर ते आरोपीने दाखवायचं. आता मला सांगा, गावातल्या दुकानदार बाईंनी दुसऱ्या कोणी लिहिलेल्या कोडमधली चूक कशी दाखवायची? तिच्याकडे ना लॉग, ना सोर्स कोड, ना पैसे. हॅलची भूमिकाच कायद्याने मान्य केल्यासारखं हे झालं. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की होरायझनमध्ये अनेक दोष होते, आणि पोस्टाचा हट्ट म्हणजे पृथ्वी सपाट आहे असं एकविसाव्या शतकात म्हणत राहण्यासारखा आहे. सबपोस्टमास्तरच्या नकळत बाहेरून खात्यांत हात घालता येत होता हेही सिद्ध झालं. वर्षानुवर्षं ते नाकारलं गेलं होतं.

या सगळ्या गोष्टी मालिका येण्याआधी छापून आलेल्या होत्या. ‘काँप्युटर वीकली’ने पहिली बातमी २००९ साली दिली. न्यायालयाचा निकाल होता, चौकशी चालू होती. तरीही २०२३ संपेपर्यंत रद्द झालेल्या शिक्षा शंभरही नव्हत्या. मालिका संपल्यावर आठवड्याच्या आत पंतप्रधानांनी नवा कायदा करण्याची घोषणा केली, आणि मे २०२४ मध्ये शेकडो लोकांच्या शिक्षा एका कायद्याने रद्द झाल्या.

कथेची ताकद ही अशी असते. तिने पूर्वीही कामं केली आहेत. अणुभट्टीतल्या अपघातावरचा ‘द चायना सिंड्रोम’ १६ मार्च १९७९ ला प्रदर्शित झाला. असं काही होणार नाही असं अणुऊर्जा उद्योगातले लोक सांगत असतानाच बाराव्या दिवशी थ्री माइल आयलंडचा अपघात झाला. १९८३ मध्ये ‘वॉरगेम्स’ पाहून अध्यक्ष रेगन यांनी सेनाधिकाऱ्यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? उत्तर आलं, होऊ शकतं. त्यातून १९८४ साली संगणक सुरक्षेचं अमेरिकेचं धोरण आलं.

त्याच १९८३ सालच्या सप्टेंबरात सोव्हिएत रशियाच्या उपग्रह यंत्रणेने पाच अमेरिकन क्षेपणास्त्रं सुटल्याचं दाखवलं. ड्युटीवरचे अधिकारी स्टानिस्लाव पेट्रोव्ह यांनी ते यंत्राचं चुकणं आहे असं ठरवलं आणि वर तसं कळवलं. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश होता तो. यंत्र चुकतंय असं म्हणण्याची एका माणसाची हिंमत आणि त्या क्षणी त्याच्याकडे असलेला अधिकार, यावर आपण सगळे जिवंत आहोत. सबपोस्टमास्तरांकडे हिंमत होती, अधिकार नव्हता.

पण कथेच्या ताकदीत एक दोषही आहे. कोणाची कथा सांगितली जाते? कृत्रिम बुद्धिमत्तेची बातमी आली की शेजारी लाल डोळ्यांचा टर्मिनेटर छापतात. आपली भीती त्या दिशेला वळते. दरम्यान नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो पालकांना लबाड ठरवण्यात आलं. धोका ठरवताना परदेशी नागरिकत्व हासुद्धा एक निकष होता. जानेवारी २०२१ मध्ये तिथलं सरकार त्यावरून पायउतार झालं. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ नावाच्या योजनेने सरासरी काढून गरिबांच्या नावे खोटी कर्जं लावली. आणि आपल्याकडे? देशातला पहिला आधार क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. पुढे रेशन दुकानात अंगठा जुळेना म्हणून परत गेलेल्या लोकांच्या हकिकती अनेक राज्यांतून आल्या. खडी फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाच्या बोटाची रेषा झिजलेली असते, एवढी साधी गोष्ट. २०१७ साली झारखंडमध्ये ११ वर्षांची एक मुलगी मेली. आधार न जोडल्यामुळे रेशन कार्ड रद्द झालं आणि ती भुकेने गेली असं घरच्यांचं म्हणणं होतं. सरकारने भूकबळी असल्याचं नाकारलं. तिच्यावरची चार भागांची मालिका मी अजून पाहिलेली नाही.

आता ते वैयक्तिक कारण.

‘मिस्टर बेट्स’ बघताना दुसऱ्या भागानंतर मी टीव्ही बंद केला. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, डोकं दुखतंय. खरं कारण असं होतं. साधारण वीस वर्षांपूर्वी मी दुकानांच्या एका मोठ्या साखळीसाठी मालाच्या साठ्याची प्रणाली सांभाळणाऱ्या टीममध्ये होतो. एका शाखेत दर थोड्या दिवसांनी माल कमी भरायचा. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी तीनदा तिकीट उघडलं. प्रणाली चुकते आहे, मी प्रत्येक खोकं स्वतः मोजलं आहे, असं त्या लिहीत होत्या. तिसरं तिकीट माझ्याकडे आलं. मी लॉग पाहिला, काही दिसलं नाही. टेस्ट सर्व्हरवर तसं घडवून पाहिलं, घडलं नाही. शुक्रवार होता. मी ‘यूझर एरर’ असं लिहून तिकीट बंद केलं.

वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी तोच कोड वाचत होतो. तेव्हा दिसलं की लाईन मध्येच तुटून पुन्हा जोडली गेली, तर आलेल्या मालाची पावती दोनदा नोंदली जात होती. म्हणजे प्रणालीच्या मते माल दुप्पट आलेला, आणि प्रत्यक्षात निम्मा. खेड्यातल्या शाखांच्या लाईन वरचेवर तुटत. मी दुरुस्ती केली. पुढच्या रिलीजच्या कागदात त्यावर एक ओळ आली. मॅनेजरने शाबासकीही दिली. त्या बाईंबद्दल चौकशी केली तेव्हा कळलं की त्या आता तिथे नाहीत. काढलं की स्वतः गेल्या, ते मी विचारलं नाही. जुनी बंद तिकिटं मी उघडली नाहीत. उघडायला मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि अडवलंही नव्हतं.

मी दुष्ट नव्हतो. कोणाचा गळा चिरायला सुरी हातात घेतली नव्हती. म्हणून तर शाळेतल्या निबंधाचं ते वाक्य मला आता पटत नाही. हात आणि सुरी यांच्यामध्ये आता शंभर माणसं असतात, प्रत्येकाचा वाटा एक ओळ कोडचा, एका सहीचा, एका बंद तिकिटाचा. व्हिक्टर फ्रँकेनस्टाईन निदान रात्रीच्या अंधारात पळाला होता. मी शुक्रवारी साडेपाचला बॅग उचलून घरी गेलो.

तेव्हा आपण काय करायचं? यंत्रं फोडायची नाहीत. आपल्या घरातली औषधं, भारतातल्या आईवडिलांशी रोजचं बोलणं, हे सगळं यंत्रांचंच देणं आहे. पण तीन गोष्टी मी सुचवतो. एक, आपण जी प्रणाली बनवतो किंवा विकत घेतो तिच्याबद्दल विचारायचं : ही चुकली तर सिद्ध कोणी करायचं? उत्तर ‘ज्याचं नुकसान झालं त्याने’ असं असेल, तर रचना चुकलेली आहे. दोन, संगणक बरोबरच आहे असं धरून चालण्याच्या कायद्यावर या देशाच्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये लोकांची मतं मागवली होती. अशा वेळी आपल्यासारख्या आतून माहिती असणाऱ्यांनी लिहिलं पाहिजे. वकिलांना बग म्हणजे काय ते आपणच सांगू शकतो. आणि तीन, आपल्यात लिहिणारी मंडळी आहेत. स्थलांतरितांच्या एकटेपणावर आपण भरपूर कथा लिहिल्या. आता एखादी कथा हेल्पडेस्कवर लिहा. फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, ते आपल्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही.

त्या बाईंचं नाव मला आठवतं. इथे सांगत नाही. पण शोधायला लागलो आहे. सापडल्या तर काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही. बहुधा एवढंच सांगेन, की तुमचं मोजणं बरोबर होतं.

आता तुम्ही बोला. वादही घाला.